जास्त भरलेला कापूर

जगदेवने कापराच्या पेटीसमोरच्या पारड्यात आणखी एक पावशेराचे वजन टाकले, तेव्हा कुठे काट्याची दांडी सरळ झाली. त्याने मान वळवली. लालसिंग हमाल गोदामाच्या दारात पगोटे सावरत उभा होता.

"या खेपेले नाही उडाला कापूर?" जगदेव म्हणाला. "धमकावल्यावर कापरालेही अक्कल आली वाटते."



जपानचा कापूर मुंबई बंदरात जकात भरून सोडवायचा, अकोल्याला गाडी बदलून वाशीमला आणवायचा आणि शेठजींच्या गोदामात तोलून घ्यायचा, हे जगदेवचे काम. दर खेपेला माल बिलापेक्षा कमी भरे. कापूर हवेत उडतो, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होते. पण इतका? स्टेशनावरून पेटी आणून रात्रभर राखणारा लालसिंग एकटा, आणि त्याच्या पगोट्याला कापराचा वास. मागच्या खेपेला जगदेवने सगळ्या हमालांसमोर त्याला बजावले होते, "आता कमी भरला, त गोदामात पाय ठेवू नोको. वापस तांड्यावर जाजो."

आणि आज पेटी भरली. म्हणजे चोर हाच. शेठजींना काय सांगायचे, तेही जगदेवने मनात जुळवले. मग त्याची नजर पुन्हा वजनांवर गेली. पेटी नुसती पूर्ण नव्हती, बिलापेक्षा जड होती. परदेशातला व्यापारी जास्तीचा माल फुकट कशाला पाठवील? आणि वैशाखाच्या उन्हात कापूर वाढत नाही.

"हातोडी आन," तो म्हणाला.

फळी उचकटली, आतला पत्रा वाकवला. उग्र वास डोळ्यांत गेला. पांढऱ्या वड्यांचे थर त्याने उचलून बाजूला ठेवले. तळाशी कागदाच्या पुड्या होत्या. एक सोडली, तर आत गोल टिकल्या निघाल्या. देवळापुढे फुलांबरोबर विकतात तशा.

"हे काय होय?"

"कापूरच हाय, बाबू. भेसळ नाही."

"अन् टाकला काहून?"

"तुमीच म्हनले, कमी नाही पाह्यजे." लालसिंगची नजर जमिनीवर होती. "किती उडते, ते मले कुठं समजते? अंदाजानं इकत आनून टाकला."

जगदेवने सगळ्या पुड्या काढल्या, वड्या पुन्हा भरल्या आणि पेटी तोलली. वजने उतरवत उतरवत दांडी सरळ झाली. दर खेपेला व्हायची, तिथेच.

म्हणजे तेवढा कापूर दर खेपेला खरेच उडत होता. तो पुड्या ओंजळीत घेऊन उठला.

"घे. तुह्या हायेत ह्या. कमी भरला त भरला, शेठजीले मी सांगतो."

लालसिंगने हात मागे घेतले. आवाज ऐकून दाराशी दोघे-तिघे हमाल येऊन थांबले होते. त्याने त्यांच्याकडे पाहिले, मग जगदेवच्या ओंजळीकडे.

"नाही, बाबू," तो हळूच म्हणाला. "माह्या हातात कापूर देसान, अन् मंग त्यायले दाखवून चोर म्हनसान."