वस्तादाची टोपी

डोक्यावर टोपी घालून दुसऱ्याचे केस कापणारा न्हावी पाहिलाय का कधी तुम्ही? वस्तादाच्या दुकानात दोन महिने तेच चाललं होतं. अंगातून घामाच्या धारा, आणि हा पठ्ठ्या कानापर्यंत टोपी ओढून कात्री चालवतोय. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "सर्दी झालीय." दोन महिने टिकणारी सर्दी! गिऱ्हाइकं आरशातून एकमेकांकडे बघायची.

सगळं त्या टकलापायी. पन्नाशी आली तसे केस मागे हटले, आणि एक दिवस नेहमीच्या गिऱ्हाइकानं थट्टा केली, "आमच्या केसांचं सोडा, वस्ताद, तुमच्या स्वतःच्या केसांचं बघा!" सगळे हसले. वस्तादही हसला, पण ते त्याला लागलं. त्यानं गुपचूप केस उगवायच्या थेंबांची बाटली आणली. सकाळ-संध्याकाळ, कोरड्या डोक्याला, मोजून एक मिली. पण न्हावी तो न्हावीच. स्पिरिटचा बोळा फिरवल्याशिवाय ज्याला वस्तरासुद्धा धरवत नाही, तो थेंब नुसते कसे लावणार? आधी डोकं स्पिरिटनं खसाखसा पुसायचं, मग थेंब. आठवड्यात चुणचुण सुरू झाली, मग खाज, मग आग. खांद्यावर पापुद्रे पडायला लागले. याला वाटलं, औषध लागू पडतंय, म्हणून हा आणखी जोरानं पुसायला लागला. धन्य आहे त्याची!

चौथ्या आठवड्यात त्यानं मागे आरसा धरून डोकं बघितलं. लाल चट्टे, त्यावर खवले. असलं डोकं घेऊन कुणी आलं असतं तर त्यानं खुर्चीत टेकूसुद्धा दिलं नसतं. भिंतीवर पाटीच होती, त्याच्याच अक्षरातली: "डोक्याला चट्टे असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे." कितीजणांना त्यानं दारातून परत धाडलं होतं. आता हे बाहेर फुटलं तर त्याच्या खुर्चीत बसणार कोण? आणि संसर्गच असला तर? कंगवे, टॉवेल, बायकोची उशी... त्या दिवसापासून टोपी चढली ती रात्रीसुद्धा उतरेना, आणि जंतू मरावेत म्हणून थेंबांआधीचं स्पिरिट आणखी वाढलं. डॉक्टरकडे जायचीही छाती होईना. तिथे एखादं गिऱ्हाईक भेटलं म्हणजे?

मेहुण्याला दाखवायची तर सोयच नव्हती, तो तडक बहिणीला सांगणार. बायकोचा हा धाकटा भाऊ अठरा वर्षं शेजारच्या खुर्चीवर काम करत होता. न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत, म्हणून महिन्याच्या पहिल्या सुट्टीला दोघं दुकान आतून लावून घ्यायचे आणि एकमेकांचे कापायचे. परक्या न्हाव्यापुढे मान झुकवायची नाही, असा दोघांचा नेम. पहिल्या महिन्यात वस्ताद म्हणाला, "कंबर धरलीय." दुसऱ्या महिन्यात मेहुणा कात्रीला धार लावून तयार बसला होता, तर हा म्हणाला, "बाहेर जायचंय," आणि सटकला. मेहुण्यानं कात्री पुसून खणात ठेवली. तेव्हापासून तो दुकानात कामापुरतंच बोलायला लागला.

मग एका दुपारी बायकोनं जेवणाचं ताट आपटलंच.

"माझ्या भावानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"का? काय झालं?"

"समोरच्या न्हाव्याकडे शब्द देऊन आलाय तो! पहिल्या तारखेपासून जाणार. म्हणतो, दाजी दुसऱ्याकडून केस कापून घेतात आणि मला कळू नये म्हणून टोपी घालतात."

असं काही होईल हे वस्तादाच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यानं टोपी काढली. "अगं बाई!" म्हणून बायकोनं तोंडावर हात ठेवला, आणि भरल्या ताटावरून उठवून त्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंना वास आलाच. "स्पिरिट? कुणी लावायला सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? आम्ही सगळ्यालाच लावतो."

"अहो, कातडी सोलून वर औषध ओतत होतात तुम्ही! काहीजणांना ते औषध तसंही झोंबतं. आता दोन्ही बंद. संसर्ग वगैरे काही नाही हा. पण दोन महिने वाट कसली बघत होतात?"

बाहेर आल्यावर वस्ताद अगदी रडकुंडीला आला. रोग नव्हताच, आणि नसलेल्या रोगापायी घरचा माणूस चालला होता. बायकोला घरी पाठवून तो तडक समोरच्या दुकानात गेला.

दुकान गच्च भरलेलं. मालक, म्हणजे पंधरा वर्षांपासूनचा हाडवैरी, कुणाची तरी दाढी करत होता. वस्तादानं दारातच टोपी काढली. ते डोकं बघून बाकावरचा एकजण चक्क उठून लांब जाऊन उभा राहिला.

"बघा सगळ्यांनी. केस यावेत म्हणून जाळून घेतलंय मी. हे लपवायला टोपी घातली, आणि मेहुण्याला वाटलं मी त्याला तोडलं. चूक माझी आहे. त्याचा शब्द सोडवायला आलोय. पाया पडतो तुमच्या."

समोरच्यानं वस्तरा थांबवला. जवळ येऊन त्यानं ते डोकं नीट बघितलं. वस्तादाला वाटलं, आता हा हसणार.

"सुटला त्याचा शब्द," तो म्हणाला. "परवा शब्द द्यायला आला तेव्हा इथेच ढसाढसा रडला. मी विचारलं, घरात कुणी वारलं का? तर म्हणाला, अठरा वर्षं कापले हो मी दाजींचे केस, आता त्यांना माझा हात नको झालाय."

वस्तादानं टोपी तिथेच बाकावर टाकली, आणि उघड्या डोक्यानं तो रस्ता ओलांडून मेहुण्याकडे निघाला.