तेवढी हिचीही बघून टाक

रोक्झॅनचा पाय एका जागी ठरेना. कोरिनबाईंच्या बंद दारासमोर ती येरझाऱ्या घालत होती आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होती. जीभ म्हणायची की काय ही!

नॉर्थ डकोटातल्या त्या हवाई तळावर सैनिकांच्या घरांची डागडुजी ठेकेदाराकडे, आणि त्याचं काम नीट होतंय का ते बघणं रोक्झॅनकडे. बघायचं, खोट काढायची, सही करायची. पण ठेकेदाराच्या माणसाला ‘हे कर’ म्हणायचं नाही. सरकारी पैसा खर्चायचा हुकूम एकट्या कोरिनबाईंचा. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं, तर खर्च त्याच्या गळ्यात आणि वर नोकरीवर गदा.

आणि रविवारी हिनं तोंड उघडलंच. ठेकेदाराचा माणूस लाइल एका घराला ऊब देणारी भट्टी दुरुस्त करत होता. तेवढ्यात शेजारीण तान्हं पोर ब्लँकेटमध्ये गुंडाळून दारात आली. तिचीही भट्टी बंद, नळातलं पाणी गोठलेलं, आणि ऑफिस उघडणार सोमवारी. रोक्झॅनला राहवलं नाही. "लाइल, तेवढी हिचीही बघून टाक रे!" लाइलनं अख्खी भट्टीच बदलली. आता ठेकेदाराची कंपनी विचारत होती, हे काम सांगितलं कुणी?

"आत ये," कोरिनबाईंनी हाक मारली. "बस."

"बसत नाही. मी सांगितलं त्याला. काय करायचं ते माझं करा."

कोरिनबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, कशाला बोललीस! मी विचारलं होतं का तुला?"

"म्हणजे?"

"लाइल सकाळीच सांगून गेला. म्हणे, रोक्झॅन तिथं नव्हतीच, मी आपल्या मनानं केलं. कंपनी त्याचा पगार कापून गप्प बसणार होती. मिटलं होतं गं सगळं!"

रोक्झॅन टेबलाशी सरकली. "मग मी काही बोललेच नाही असं समजा."

"ऐकलंय मी आता. चौकशीत खोटं बोलणाऱ्याला तळावर पाऊल टाकता येत नाही. तुलाही माहीत आहे."

"अहो, माझ्यासाठी बोलला तो!"

"म्हणून खोट्याचं खरं होतं का?" कोरिनबाईंनी फोन उचलला. त्यांचाही चेहरा उतरला होता.

रोक्झॅन बाहेर आली. लाइल टोपी हातात घेऊन भिंतीला टेकून उभा होता. तिला बघताच जवळ आला आणि हळूच म्हणाला, "झालं ना? उगीच घाबरतेस बघ. मी सगळं नीट केलंय. चल, आता कॉफी पाज मला."