भिरभिऱ्याचं गाणं

खालचं लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, आज बंद होतं. गोडादऱ्याच्या कामगारवस्तीतल्या त्या गल्लीत आठवड्यातून एकदाच अशी शांतता पडायची, आणि प्रियांका तिचीच वाट बघत होती. सकाळी तिने दीड वर्षाच्या लेकीच्या, शर्वरीच्या पाठीमागे स्टीलचं ताट मुद्दाम फरशीवर टाकलं. खिडकीतलं कबुतर फडफडून उडालं. शर्वरी आपली चमच्याशी खेळतच राहिली.

सासूबाईंना सांगितलं तर त्या हसल्या. या घरात ताट पडलं म्हणून वळून बघतंय कोण, म्हणाल्या. मालतीबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. सासरे शालिग्राम जन्मभर लूमवर उभे राहिलेले, आणि घर खात्याच्या डोक्यावर. त्या खडखडाटात हाका मारून घसा कोण कोरडा करणार? जेवायला बोलवायचं तर फरशीवर पाय आपटायचा, चहा हवा तर अंगठा ओठांना लावायचा. लग्न होऊन जळगावहून आलेली प्रियांकाही ते शिकली होती. बी.एस्सी. झालेली सून खुणांनी बोलते, म्हणून नणंदा चिडवायच्या. आता मात्र तिला आठवेना, की शर्वरीला आपण नुसत्या आवाजाने कधी बोलावलं होतं.

नवरा, हर्षल, पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये ड्यूटीवर होता. फोनवर म्हणाला, मीसुद्धा उशिराच बोललो होतो, तू नेटवर वाचत बसू नकोस.

"मंग गानं लागनं का कशी नाचस ती?" मालतीबाईंनी विचारलं.

गाणं म्हणजे एका जुन्या मालिकेचं शीर्षकगीत. मालतीबाई नव्या नवरी होत्या तेव्हा खात्याच्या शेठच्या ओसरीवरच्या टीव्हीवर ती मालिका लागायची. संवाद लूमच्या आवाजात बुडायचे, पण गाणं गल्लीतल्या सगळ्या बायकांना पाठ होतं. आता ते घरच्या टीव्हीवर यूट्यूबवरून लावून आजी नातीला भरवायची, आणि नात हात वर करून गोल गोल फिरायची.

"लाव," मालतीबाई म्हणाल्या. "आनि पाह्य तुन्हा डोयानी."

प्रियांकाने लावलं. काळ्या पडद्यावर आधी सनई वाजली. मग पिवळं भिरभिरं घेऊन धावणारा मुलगा आला. शर्वरीने दोन्ही हात वर केले आणि फिरायला लागली. शालिग्राम समाधानाने मान हलवू लागले. प्रियांकाला एकदम रडू आलं, सुटल्यासारखं.

पण डोळे पुसता पुसता तिच्या मनात काहीतरी अडकलं. तिने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि पडद्याकडे न बघता लेकीकडे बघितलं. सनई वाजत होती. शर्वरी भाताचं शीत बोटाने फरशीवर चिरडत होती. भिरभिरं आलं, आणि हात वर गेले.

प्रियांकाने आवाज पूर्ण बंद करून तिसऱ्यांदा लावलं. भिरभिरं आलं. शर्वरी नाचली.

सासऱ्यांची मान हलायची थांबली होती. मालतीबाईंनी सुनेच्या खांद्यावरची ओढणी ओढून घेतली, उठून टीव्हीवर टाकली आणि गाणं पुन्हा लावून आवाज जाईल तेवढा वाढवला. समोरच्या घरातली प्रमिलाबाई गॅलरीत येऊन बघून गेली. गाणं सनईपासून पार शेवटच्या ओळीपर्यंत वाजलं. शर्वरी ओढणीकडे बघत होती, आता कोणीतरी ती काढेल म्हणून.

"शरू," मालतीबाईंनी मागून हाक मारली. मग मोठ्याने. मग घसा फाटेस्तोवर. शेवटी, रोजच्या सवयीनेच, त्यांचा पाय फरशीवर आपटला.

फरशी हादरली, तशी शर्वरी गर्रकन वळली आणि आजीला बघून खुदकन हसली.

मालतीबाई स्वतःच्या पायाकडे बघत राहिल्या. नातीला दीड वर्ष ज्याने बोलावलं, तो पाय. मग खाली बसल्या, पोरीला मांडीवर घेतलं, पण सुनेकडे बघायला त्यांना वेळ लागला.

"कोन्ता डाक्टर पाहेल शे तू?"

प्रियांकाने नाव सांगितलं. संध्याकाळची वेळ तिने आधीच घेऊन ठेवली होती.

"मी बी येस," मालतीबाई म्हणाल्या. "त्यास्ले सांगनं पडी, आम्ही कधी हाकच मारी नही."

शर्वरी मांडीवरून उतरून टीव्हीशी गेली आणि ओढणीचं टोक धरून ओढू लागली. प्रियांकाने ती काढली, आणि गाणं पुन्हा लावलं.