मुकं बोट

“आई, साडीले रक्त लागलं व! काय टोचलं तुले?”

धम्मशीला ओरडली तेव्हा कुठं बेबीताईंनी खाली पाहिलं. लेकीच्या लग्नाची पांढरी साडी, पदरावर पिंपळाचं पान, आणि पानाच्या देठाशी मुगाएवढा लाल डाग. डाव्या हाताच्या अनामिकेत सुई अजून रुतलेली. कापडाखालच्या बोटाला टोक लागलं की टाका वर घ्यायचा, ही पंचवीस वर्षांची सवय. आज त्या बोटानं काही कळवलंच नव्हतं.

“गप व, जरासं तर हाय,” म्हणत त्यांनी डाग तोंडाकडे नेला. ज्याचं रक्त त्याच्या थुंकीनं निघतं, हे शिवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक. पण हात ओठांशीच थबकला. त्यांनी थंड पाणी मागितलं.

लग्न अकरा दिवसांवर आलेलं. उंद्रीच्या विहारात, सकाळच्या उन्हात, मोजक्या माणसांत. सगळं हातचं पाहिजे, हा पोरीचा हट्ट. पत्रिका तिनं स्वतः बसून लिहिल्या होत्या. उधळायच्या पाकळ्यांसाठी शेजारणी पानांचे द्रोण लावत होत्या. पदरावर पांढऱ्याच रेशमानं एकवीस पिंपळपानं आईनं भरायची, आणि शेवटचं पान दोन्ही आयांनी मिळून: अर्धं हिनं, अर्धं नवरदेवाच्या, प्रसेनजितच्या, आईनं. त्यासाठीच त्या, सिंधूताई, आज खामगावहून येणार होत्या.

आणि त्याचीच बेबीताईंना धडकी भरली होती. दिवाळीपासून डाव्या कोपराखाली एक फिका चट्टा होता. आधी चट्टा मुका झाला, मग करंगळी, आता हे बोट. मागच्या महिन्यात आरोग्य खात्याची आशाताई जयमाला घरोघरी विचारत आली होती, “काकू, न दुखणारा, न खाजणारा चट्टा हाय काय कुठं?” “नाही व बाई,” म्हणत बेबीताईंनी पदर हातावर ओढून घेतला. लहानपणी देऊळघाटला, मामाच्या गल्लीत, असेच चट्टे असलेली एक बाई होती. तिची ताटली कोनाड्यात वेगळी असे. तिच्या दोन्ही पोरी बिनलग्नाच्या राहिल्या. त्या रोगाचं नाव बेबीताई मनातसुद्धा घेत नव्हत्या. एकदा लग्न पार पडू दे, मग काय व्हायचं ते होवो.

सिंधूताई आल्या त्या हसतच. “काय इहीनबाई, पोरीनं आपल्याले कामाले लावलं नं! मी गोधड्या शिवणारी. पानाचा पोपट झाला तं हसू नका.”

त्यांनी पिशवीतून पितळी अंगुस्ताना, शिवताना घालायची बोटाची टोपी, काढून बोटात घातला. सासूच्या वेळचा, खळगे झिजून गुळगुळीत झालेला. धम्मशीला द्रोण आणायला शेजारी गेली, तशी गुडघ्याला गुडघा लावून बसायची वेळ आली. बेबीताई घाईनं उठल्या.

“आधी चहा घेऊ.”

स्वयंपाकघर म्हणजे त्याच खोलीचा कोपरा. उजव्या हातात सांडशी, डाव्या हाताची दोन बोटं पातेल्याला टेकलेली. टेकली ती टेकलेलीच राहिली. चहा गाळून झाला.

“बेबीताई, बोटं!”

सिंधूताई अर्ध्या उठल्या होत्या. बोटांवरची कातडी पांढरी पडून वर येत होती.

“चटका नाही लागला तुमाले?”

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण खोटं आलंच नाही. “मले समजत नाही. दिवाळीपासून. चट्टा बी हाय. पोरीले माहीत नाही हो. तिचा काही दोष नाही.”

सिंधूताईंनी तांब्यातलं पाणी त्या बोटांवर ओतलं. लांबूनच. मग त्या जागेवर जाऊन बसल्या आणि साडीकडे पाहत राहिल्या. चहावर साय धरू लागली. बेबीताईंना कोनाड्यातली ती ताटली दिसत होती.

“दवाखान्यात गेल्या?”

“गेली तं गावाले समजन.”

“आन नाही गेल्या तं बोटं जातीन. आमच्या गल्लीत एकाले झालतं. सरकारी गोळ्या खाल्ल्या, बरा झाला. आता रिक्षा चालवते तो.” त्यांनी अंगुस्ताना बोटावर फिरवला. “तरी मले भेव लागून राह्यलं. खोटं काऊन बोलू?”

“आन लग्न?”

सिंधूताईंनी सुईत दोरा ओवायला घेतला. दोनदा चुकला. “लग्न अकरा दिवसांनी हाय. दवाखाना उद्या हाय.”

मग त्यांनी आपलं अर्धं पान भरलं, गाठ मारली. निघताना अंगुस्ताना काढून साडीवर ठेवला.

“हा राहू द्या. खालच्या बोटात घालत जा. लग्नात परत द्या मले.”

त्या गेल्या. त्यांचा कप भरलेलाच होता. बेबीताईंनी चहा मोरीत ओतला आणि जयमालाला फोन लावला. “बाई, तू त्या दिवशी विचारलं होतं नं…”

फोन ठेवून त्यांनी फोडांवर चिंधी गुंडाळली, वरून अंगुस्ताना चढवला. बोटाला पितळ कळलं नाही. साडी मांडीवर ओढून त्यांनी उरलेल्या अर्ध्या पानात सुई घातली. कापडाखाली टोक पितळेवर वाजलं, टक्.

कानाला कळलं. त्यांनी टाका वर घेतला.