सुकलालचं मशीन

या माउली, असे पुढं सरकून बसा. बुवा येईस्तोवर आमच्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो.

सुकलाल आमच्या सुरतेतल्या भेस्तानच्या भजनी मंडळातला. कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर उभा जन्म गेला, त्या खडखडाटात कानही गेले. पहिल्या रांगेत बसूनही कीर्तनातला शब्द कळेना, म्हणून त्यानं जुना कम्प्युटर घेतला. बायकोला शेजारी बसवून कीर्तन मोबाइलवर उतरवायचं, मग कम्प्युटरात भरायचं, नि घरी हेडफोन लावून डोळे मिटून ऐकायचं.

माघात तो गेला. दसरा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, तर मुलगा वाल्मिक कम्प्युटरच्या वायरी गुंडाळत होता. खाली भंगारवाला उभा.

"बटन दाबं तरी चालू व्हत नही, काका. नुसती जागा अडकी गई."

"त्यामा तेस्ना आवाज शे रे," वाल्मिकची आई प्रमिलाबाई दार अडवून उभ्या होत्या.

"त्यामा बुवा बोलतस, आई. बाप नही."

मी खालच्या मजल्यावरच्या योगेंद्रला हाक मारून वर बोलावलं. तो कम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं टेस्टर लावून पाहिला, लाइट होती. वायर बदलली, काही नाही. डबा उघडून धूळ फुंकली आणि बटणाची वायर काढून तिथल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं जोडल्या. पंखा गरकन फिरला.

"मशीन बराबर छे, मासी. बटनमाच लोचा शे." त्यानं बटण उपसलं. मागं लाल-पिवळा थर वाळून घट्ट बसलेला. "हाई काय, कुकू?"

प्रमिलाबाई ओशाळल्या. "दसराले पूजा करी ना. ते दरसाल लूमना हँडलले गंध लावेत. आते लूम नही, म्हणीसन याले लावं. यंदा जरा जास्तीच लावं."

"मासी, देवले आंघोळ चाले, याले नही!"

त्यांनाही हसू फुटलं.

बटण पुसून बसवलं. पडदा उजळला. योगेंद्रनं एक कीर्तन लावलं, मग दुसरं, मग तिसरं. सगळीकडं बुवा, मृदंग, टाळ. वाल्मिकनं मान खाली घातली. आईकडं त्याला बघवेना.

"तू मधमाईन लावस," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पहिलेपाईन लाव."

योगेंद्रनं तेच कीर्तन अगदी सुरुवातीपासून लावलं. आधी खरखर झाली. मग बहिऱ्या माणसाचा तो मोठा, मोकळा आवाज खोलीभर आला :

"ओ वाल्मिकनी माय! आवाज येस का?"

प्रमिलाबाईंनी मान हलवली. नुसती मान. बोललेलं त्याला कुठं ऐकू यायचं?

वाल्मिक गॅलरीत गेला आणि काही द्यायचं नाही म्हणून खाली वाकून भंगारवाल्याला ओरडला, "जाओ काका, कंई नथी आपवानुं!"

माउली, कुठल्या सप्ताहात कुणी मोबाइल पुढं धरून कीर्तन उतरवून घेताना दिसला, तर आमच्या सुकलालचं नाव एकदा मनात घ्या.