सुती पाव

काट्यावरचा आकडा छत्तीसवर थांबला. इल्मानं पाव उचलला, मागची दोरी सैल केली, चिमटीनं थोडा कापूस काढून घेतला आणि पाव पुन्हा काट्यावर ठेवला. चौतीस. दोरी ओढून तिनं गाठ मारली, वहीत आकडा लिहिला आणि पुढचा पाव हातात घेतला.

पाव हा मंडळातलाच शब्द. बेटावरच्या करी गावातल्या विणकाम मंडळातल्या बायका दर बुधवारी दुपारी सभागृहात जमून जे विणत, ते खरं म्हणजे स्तन होते. शस्त्रक्रियेत ज्यांचा एक गेला किंवा दोन्ही गेले अशा बायकांनी ब्रामध्ये घालायचे, मऊ सुती धाग्याचे, चार सुयांवर गोल फेऱ्यांत विणलेले. लोकर चालत नसे, ताज्या व्रणाला टोचते. पहिल्याच महिन्यात पाद्रीबुवा दार न ठोठावता आत आले, तेव्हा टेबलावर अकरा स्तन ओळीनं मांडलेले होते. डॉटनं त्यांच्यावर चहाचा टॉवेल टाकला आणि म्हणाली, "पाव फुगायला ठेवलेत, वारं लागू देऊ नका." पाद्रीबुवांनी दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ते पाव झाले.

वजनाचं काम आपसूक इल्माकडे आलं होतं. बेटावरच्या चीजच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं दुधाची तपासणी केली होती. काचेच्या बशीवर उगवलेले जंतूंचे ठिपके मोजायचे, दोनदा मोजायचे, आणि दोन्ही वेळा आकडा सारखा आला तरच लिहायचा. तिची मोजणी चुकली असं कारखान्यात कुणाला आठवत नव्हतं.

खिडकीशी चाकाच्या खुर्चीत तिचा नवरा क्लाइव्ह बसला होता. दोन्ही हात पुढे, आणि त्यांच्यावर सुताची लडी चढवलेली. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताच्या झटक्यात त्याची उजवी बाजू गेली, पण लडी धरायला मेलेला हातही खुंटीसारखा उपयोगी पडतो, हे ग्लेनिसच्या ध्यानात आलं. मंडळाची अध्यक्ष म्हणून तिनं त्याला रीतसर सभासद करून घेतलं होतं.

"क्लाइव्ह, तुझ्याइतका गप्प नवरा मला मिळाला असता तर मी दुसरं लग्न केलंच नसतं," लडीवरून गुंडा गुंडाळत ग्लेनिस म्हणाली.

"नको," क्लाइव्ह म्हणाला.

त्याच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी नको, पोट भरलं तरी नको, उन्हात बसायचंय तरी नको. इल्माला तो वाचता येई. तिच्याकडे बघत म्हणाला तर हो. नजर बाजूला वळवून म्हणाला, तर मात्र खरोखरच नको. हे तिनं सगळ्यांना सांगून पाहिलं होतं, पण दुसऱ्या कुणाकडे तो बघतच नसे, त्यामुळे दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग नव्हता.

"सात आहेत या महिन्यात," तयार पावांशी ताळा करायला ग्लेनिसनं समुद्रापलीकडच्या लॉन्सेस्टनच्या इस्पितळातून आलेली यादी वाचली. "चार उजवे, तीन डावे. एकीनं लिहिलंय, शक्य असेल तर निळा."

"निळा? कुणाला दाखवणार आहे ती?" डॉट म्हणाली.

"स्वतःला."

"मग बरोबर आहे."

डॉट त्र्याऐंशी वर्षांची होती. तिचे दोन्ही सेहेचाळिसाव्या वर्षी गेले होते, आणि मंडळाची परीक्षक तीच. तयार पाव घेऊन ती पियानोमागे जाई, ब्रामध्ये घाली आणि चहा होईपर्यंत तसाच मिरवी. वर सरकला, फिरला, टोचला, तर उलगडून पुन्हा विणायचा. "आज मी सोळा वर्षांची," असं म्हणत ती पियानोमागून आली की रेने हमखास हसायची. रेने बेटावरच्या दवाखान्यात परिचारिका होती, वयानं सगळ्यांत लहान. आज डॉट निळा पाव घालून आली, तरी रेने हसली नाही. ती सुयांवरून मान वर करत नव्हती. इल्मानं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात क्लाइव्हला ठसका लागला.

साधं पाणी त्याच्या घशात चुकीच्या वाटेनं जाई, म्हणून प्रत्येक पेल्यात भुकटी घालून ते मधासारखं दाट करावं लागे. आज पाणी नव्हतं, नुसती लाळ होती. पण त्याचा चेहरा जांभळा पडला. इल्मा उठली, खुर्चीचा ब्रेक लावला, त्याचं डोकं पुढे झुकवलं, हनुवटी छातीशी आणली आणि पाठीवर तळहात ठेवून श्वास मोजत राहिली. नवव्याला तो सुरळीत झाला. तिनं त्याचं तोंड पुसलं. डावा दंड वर करताना काखेपर्यंत कळ गेली आणि ती क्षणभर थांबली.

टेबलाशी परत आली तेव्हा वजन झालेल्या पावांची तिची पिशवी रिकामी झाली होती. मदत म्हणून ग्लेनिसनं आतलं सगळं बाहेर काढून मांडलं होतं आणि डॉट आपल्या अंगावरचा निळा धरून बोटानं मोजत होती.

"आठ," डॉट म्हणाली.

"सात," ग्लेनिस म्हणाली.

"मला डोळे कमी आहेत, बोटं नाहीत. आठ. हा बघ, डावा, तीन नंबर. यादीत तीन नंबरचा डावा आहे का?"

ग्लेनिसनं यादी पाहिली. "नाही."

डॉटनं तो पाव दाबून बघितला. काखेकडे जाणारी निमुळती शेपटी नीट वळवलेली, टाके एकसारखे. "आणि यात खडा घातलाय. दुसऱ्या बाजूशी वजन जुळवून. घालणाऱ्या बाईच्या अंगावर मोजल्याशिवाय असं जुळत नाही."

"माझी मोजण्यात चूक झाली," इल्मा म्हणाली.

बाहेर वाऱ्यानं पत्रा वाजत होता. इल्माची मोजण्यात चूक. ते वाक्य तिच्या स्वतःच्याच कानाला इतकं खोटं वाटलं की पुढचं खोटं सुचेना.

"ग्लेनिसला पाच नंबर लागतो," डॉट सावकाश म्हणाली. "रेनेला दोन. मला काहीही चालतं." तिनं पाव टेबलावर ठेवला. "कधीपासून?"

"डॉट, राहू दे."

"कधीपासून, इल्मा?"

"अकरा आठवडे." इल्मा बसली. "गाठ आधी चौदा मिलिमीटर होती. सुया मोजायची पट्टी असते ना आपली, भोकांची, ती धरून बघते मी दर रविवारी. आता एकोणीस आहे. बरोबर माप नाही ते, वरून धरलेलं."

"दर रविवारी मोजते म्हणे," डॉट म्हणाली. "बटाटा आहे का तो?"

"म्हणजे त्या डोळ्यांच्या तपासणीला गेली होतीस तेव्हा—" ग्लेनिस म्हणाली.

"डोळ्यांची नव्हती."

रेनेनं सुया खाली ठेवल्या. तिचे डोळे भरून आले होते. "मी चार वेळा फोन केला तुला. दवाखान्यातून. तू दर वेळी म्हणालीस, क्लाइव्हला भरवतेय, नंतर करते. मला इथं बोलता येत नव्हतं गं. दर बुधवारी समोर बसून मला बोलता येत नव्हतं."

"माहीत आहे. तुझा दोष नाही."

"आधी शस्त्रक्रिया, मग पाच आठवडे रोज किरणोपचार," रेने आता सगळ्यांनाच सांगत होती. "लॉन्सेस्टनला. इथून येऊन-जाऊन होत नाही. त्यांनी लिहिलंय, उशीर करू नका. पत्र येऊन सहा आठवडे झाले."

ग्लेनिसनं यादीचा कागद उलटा केला होता आणि पेनाचं टोपण काढलं होतं. "ठीक आहे. क्लाइव्हला आम्ही बघतो. सकाळ मी, दुपार डॉट—"

"ग्लेनिस."

"नाही, ऐक तर. रात्री रेने, तिची पाळी नसेल तेव्हा—"

इल्मानं वहीच्या शेवटच्या पानातून एक घडी केलेला कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. सात रकाने, चोवीस ओळी. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात नावं: ग्लेनिस, डॉट, रेने, शेजारचा मुलगा आणि त्याची बायको, पाद्रीबुवासुद्धा. कोण किती वजन उचलू शकतं, कुणाची गाडी कधी मोकळी, कुणाची रात्रपाळी कधी. आणि ठिकठिकाणी रिकामे चौकोन.

"आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास," ती म्हणाली. "मी सगळ्या रीतींनी लावून बघितलं. एक्केचाळीस तास उरतात. बहुतेक रात्रीचे. रात्री त्याला तीनदा कुशीवर वळवावं लागतं, आणि डॉटच्यानं तो वळत नाही."

"मी काय करायचं ते मी ठरवीन," डॉट म्हणाली, पण तिचा आवाज तितकासा ठाम नव्हता.

ग्लेनिस कागदाकडे बघत राहिली. स्वतःचं नाव तिथं अकरा वेळा होतं. तिला न विचारता, तिच्या गुडघ्यांचा विचार करून, सगळे तास दिवसाचे ठेवलेले. "हे कधी केलंस?"

"पत्र आलं त्या आठवड्यात."

"आणि आम्हाला दाखवलं नाहीस."

"जमत नाही हे दाखवून काय करायचं?"

"इथल्या दवाखान्यात वृद्धांच्या खोल्या आहेत की," ग्लेनिस रेनेकडे वळली.

"भरल्यात. दोघं प्रतीक्षेत आहेत." रेनेनं डोळे पुसले. "बर्नीच्या शुश्रूषागृहात एक खाट आहे. मी विचारून ठेवलंय. शुक्रवारपर्यंत थांबतील ते."

बर्नी म्हणजे पलीकडे. समुद्रापार. क्लाइव्हच्या वडिलांना असंच पलीकडे नेलं होतं आणि दोन महिन्यांनी ते मालवाहू विमानातून परत आले होते. चाळीस वर्षं क्लाइव्हनं या किनाऱ्यावरून समुद्रशेवाळ ओढून काढलं, हिवाळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून. दफन झालं त्या दिवशी तो तिला म्हणाला होता, "माझं जे व्हायचं ते इथंच होऊ दे, इल्मा." आणि ती हो म्हणाली होती. तेव्हा ती पस्तिशीची होती आणि हो म्हणायला काहीच लागलं नव्हतं.

"तिथं तो उपाशी मरेल," इल्मा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "त्याला विचारतील, जेवायचं का. तो म्हणेल, नको. ताट उचलून नेतील. रेने, तूच केलं होतंस ते. मला ताप होता तेव्हा."

रेनेनं मान खाली घातली. "दीड दिवस. मला वाटलं, त्याला खरंच नको आहे."

"तू त्याला बारा वर्षं ओळखतेस. आणि ते लोक?"

डॉट उठली. टेबलाला धरून ती इल्माच्या बाजूला आली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली. छातीवर निळ्या सुताचा पाव अजून तसाच होता, थोडा वर सरकलेला.

"तुझ्या कागदात एक ओळ राहिली," ती म्हणाली.

"कुठली?"

"तू गेल्यानंतरची."

इल्मानं कागद परत ओढून घेतला आणि पेन उचललं.

"तू मोजणारी बाई आहेस. तूच सांग. तू काहीच केलं नाहीस, तर किती? वर्ष? दीड? आणि मग त्याला कुठं नेतील? बर्नीलाच ना? तीच खाट, तेच ताट. फक्त रविवारी फोन करून 'त्याला विचारू नका, नुसतं भरवा' असं ओरडायला कुणी नसेल."

इल्माच्या हातात अजून पेन होतं. तिनं ते टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं. ही ओळ राहिली नव्हती. ती तिला पहिल्या दिवसापासून दिसत होती. आयुष्यभर तिनं दिसलेला प्रत्येक ठिपका लिहिला होता, आणि हा एकच लिहायला तिचा हात धजला नव्हता. त्याऐवजी तिनं तीन रात्री बसून एक पाव विणला होता, स्वतःच्या मापाचा. आणि तो विणत असताना आपण काय ठरवतो आहोत हे स्वतःला विचारलं नव्हतं.

"तो मला माफ करणार नाही," ती म्हणाली.

"नाही करणार," डॉट म्हणाली. "जिवंत बाईला माफी नाही मिळाली तरी चालतं."

"मी सोबत जाईन बर्नीला," रेने म्हणाली. "पहिले चार दिवस. रजा आहे माझी. प्रत्येकीला शिकवीन कसं भरवायचं."

"तुला तरी कुठं येतं?"

"नाही येत. तू शिकव. आज आणि उद्या."

इल्मा उठली. खिडकीपर्यंत अकरा पावलं होती. क्लाइव्हच्या हातांवर लडी अजून अर्धी शिल्लक होती, आणि तो ती तशीच धरून बसला होता, कुणी काढून घेतली नव्हती म्हणून. त्यानं सगळं ऐकलं होतं. ऐकण्यात त्याच्या काहीच बिघाड नव्हता.

तिनं त्याच्या हातांवरून सूत उतरवलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. स्टूल ओढून ती त्याच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर सुताचे वळ उमटले होते. ती ते चोळत राहिली.

"क्लाइव्ह," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग त्याची नजर हळूहळू तिच्या चेहऱ्यावरून निघाली, खिडकीकडे गेली, आणि पलीकडच्या करड्या पाण्यावर ठरली.

"नको," तो म्हणाला.

इल्मानं त्याचा हात सोडला नाही. श्वास घेतला, तो डाव्या बाजूला थोडा दुखला, आणि ती सरळ, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी उपचार घेणार आहे. आणि शुक्रवारी तुला बर्नीला पाठवणार आहे."