अफेलियनसाठी खूण

"बाई, पुन्हा," डेल्फीनने हातांनी सांगितलं.

मॅक्सीनबाईंनी तोच इंग्रजी शब्द हवेत बोटांच्या आकारांनी पुन्हा लिहिला, एकेक अक्षर: अफेलियन. रॉचेस्टरच्या कर्णबधिर शाळेत सगळं बोलणं हातांनीच चाले. बाई स्वतःही जन्मापासून बहिऱ्या. बोटं थरथरली, मधली अक्षरं एकमेकांत मिसळली. अर्धवर्तुळात बसलेल्या सहाही मुलांनी माना डोलावल्या. एकदम डोलावल्या, म्हणूनच बाईंना संशय आला.

"काय लिहिलं मी?"

कॉर्विनने दोनच अक्षरं करून दाखवली, पहिलं आणि शेवटचं.

गेल्या हिवाळ्यात हाताला कंप सुरू झाला तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं: मुलांना आपला हात वाचता येईनासा झाला की वर्ग सोडायचा.

त्यांनी शब्द फळ्यावर लिहिला. "अपो म्हणजे पासून दूर, हेलिओस म्हणजे सूर्य. दोन्ही ग्रीक. पृथ्वी मध्यभागी मानत, तोवर ग्रह पृथ्वीपासून किती लांब गेला ते बघत. सूर्य मध्यभागी आला, तेव्हा केप्लरला हा नवा शब्द घडवावा लागला. सूर्यापासून सर्वांत लांबचा बिंदू. जुलैच्या सुरुवातीला आपण तिथे असू."

"एवढं उकडतंय, आणि म्हणे सूर्य लांब," कॉर्विन म्हणाला.

"उन्हाळा पृथ्वीच्या कलण्यामुळे. तू झोपला होतास तेव्हा सांगितलं."

"याला एक खूण का नाही? दरवेळी अक्षरं का जुळवायची?" डेल्फीनने विचारलं.

"कोणी केली नाही. आणि मी एकटीने करून चालत नाही, सगळ्यांच्या हातांना पटावी लागते."

कॉर्विनने डाव्या मुठीचा सूर्य केला आणि उजवा हात झटक्यात लांब फेकला.

"पळाला तुझा ग्रह," डेल्फीन म्हणाली. "परत कोण आणणार, तुझी आई?"

बाई हसल्या. "लांब जाताना तो मंदावतो. तिथे सर्वांत हळू असतो. मग वळतो."

डेल्फीनने मूठ धरली. उजवा हात संथ होत पुरता लांबवला आणि टोकाशी हलकेच वळवला. इतरांनी करून पाहिलं. मग सगळे बाईंकडे बघू लागले.

बाईंनी खूण केली. हात कापत होता, तरी ती स्पष्ट वाचता येत होती. बोटांचं कामच नसलेली खूण डेल्फीनने का सुचवली, हे त्यांनी विचारलं नाही.

"आजपासून शब्द बोटांनी तू लिहायचे," त्या डेल्फीनला म्हणाल्या. "अर्थ मी सांगेन. जून संपेपर्यंत."

"आणि नंतर?"

"नंतर नवीन बाई येतील. त्यांना ही खूण शिकवा."

डेल्फीन उठून फळ्याजवळ गेली. तिच्या रिकाम्या खुर्चीत बाई बसल्या, दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, आणि मुलीच्या बोटांवरचं पहिलं अक्षर वाचू लागल्या.